पेणला यायचं म्हणतोस तर

रोहा

चि. निखिल,

तुझ्यामागोमाग दादाचाही फोन आला. पोरगा डोंबिवली सोडून पेणला जायचं म्हणतोय, तू जरा समजाव, असं त्याचं म्हणणं. समजवायला बसले आहे खरी, पण त्याच्या बाजूने नाही. माझं मत विचारशील तर तू आणि सूनबाई, दोघांनी पेणला यावं.

दादाला वाटतं, शहर म्हणजे मुंबई, बाकीची गावं. त्याच्या काळी ते बरोबरच होतं. चिंतामणराव देशमुखांचंच बघ. बालपण रोह्यात गेलं, पण शिक्षणासाठी त्यांना मुंबईच गाठावी लागली. 1912 साली ते मॅट्रिकला पहिले आले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आज रोह्यातल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, आणि माझे कितीतरी विद्यार्थी त्याच कॉलेजातून शिकून इथेच पोटाला लागले. हुशार पोराने गाव सोडलंच पाहिजे हा नियम आता राहिलेला नाही. दादाला तेवढं पटत नाही.

मी रोह्याला शिकवायला लागले तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे एसटी. 1986 साली रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि इथेच थांबली. पुढे 1993 मध्ये कोकण रेल्वे वीरपर्यंत गेली, 1998 मध्ये थेट मंगळूरपर्यंत. रोहा शेवटचं स्टेशन होतं, तिथूनच कोकण रेल्वे सुरू झाली. धाटावला एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आले आणि माझा वर्गच बदलला. हजेरीपटावर ठाकूर-म्हात्रे-पाटलांच्या जोडीला यादव, शेट्टी, रेड्डी आले. पहिल्या महिन्यात गप्प बसणारी पोरं दिवाळीपर्यंत आगरी शिव्या अस्खलित देत. मला शिकवायला त्या वर्षांइतकी मजा पुन्हा कधी आली नाही. बाहेरचा माणूस आला की गावाच्या डोक्याला खिडक्या फुटतात. दसऱ्याला धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, त्या गर्दीत आता निम्मे चेहरे तरी बाहेरून येऊन इथले झालेल्यांचे असतात.

मग मी तुला रोह्याला ये का म्हणत नाही? म्हटलं असतं, घर रिकामंच आहे. पण रोहा वाढलं ते मुख्यतः धाटावच्या जोरावर. तिथे चार कंपन्यांनी पाळी कमी केली की बाजारपेठेत लगेच जाणवतं. आणि कुंडलिका नदीच्या पाण्याचं त्या कारखान्यांनी काय केलं ते इथल्या कोळ्यांना विचार. वर कोलाडला लोक पैसे देऊन त्याच नदीत राफ्टिंग करतात, तेही टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सोडलं की. खाली धाटावच्या पुढे तिच्यात पाय घालायला कुणी धजत नाही. वाढ एकाच धंद्यावर उभी असली की त्या धंद्याला जाब विचारायची गावाला भीती वाटते.

पेणचं तसं नाही. वडखळच्या पुढे डोलवीला पोलादाचा कारखाना, जुनी बाजारपेठ, पापड-मिरगुंडांचा घरोघरचा व्यवसाय, पनवेल जवळ, आणि मुख्य म्हणजे गणपती. पेणचे गणपती म्हटलं की मुंबईकराला ऑगस्ट आठवतो, पण हमरापूर-जोह्याला जाऊन बघ, तिथे वर्षभर काम चालतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या आपल्या सणाच्या कितीतरी महिने आधी तयार लागतात. एक जण साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा सांधे भरून घासतो, तिसरा रंगाचा हात मारतो, आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळाच. तो मूर्तीपुढे मांडी ठोकून बसतो, श्वास धरून बुबुळाचा काळा ठिपका टेकवतो आणि मगच सोडतो. दिवसभर हेच. पीओपीवरच्या बंदीच्या वादात हा धंदा हादरला, काहीजण शाडूकडे वळले, काहीजण कोर्टाच्या तारखांकडे डोळे लावून बसले, पण मोडला नाही. कारण तो एका मालकाचा नाही, शेकडो घरांचा आहे.

आता त्या आखणीवाल्याची मान आणि कंबर डोळ्यांपुढे आण. सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहे ना? डोंबिवलीत तिच्या रस्त्यावर तीन पाट्या आधीच लागलेल्या आहेत, असं तीच म्हणाली होती. भरून गेलेल्या शहरात नवा माणूस म्हणजे रांगेत आणखी एक. वाढत्या शहराला मात्र रोज कुणी ना कुणी कमी पडत असतं: कधी डॉक्टर, कधी हिशेब नीट ठेवणारा, कधी पोरांना गणित शिकवणारी बाई. तिथे तुमची वाट बघितली जाते, आणि वर्षाच्या आत बाजारातला भाजीवाला तुम्हाला नावानिशी ओळखतो.

दुसरं कारण दादाला मुळीच पटणार नाही, पण मला तेच मोठं वाटतं. शहर घडत असताना तिथे राहणाऱ्याला त्यात बोलता येतं. महामुंबई सेझचा वाद आठवतो का? हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शासनाला 21 सप्टेंबर 2008 ला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. बहुतेकांनी जमीन द्यायला नकार दिला आणि तो सेझ झाला नाही. पण हे धरण पेण तालुक्यात असून त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि पेणच्याच वाशी-शिर्की-वढावच्या खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. असले प्रश्न पुढच्या काही वर्षांत सुटतील किंवा कायमचे चिघळतील. त्या वेळी नगरपालिकेच्या दारात जाऊन विचारणारे चार शिकलेले लोक गावात असावेत. डोंबिवलीत तू पंधरा वर्षं कर भरलास, तुझ्या नगरसेवकाचं नाव सांग बघू.

आता जरा कान टोचते, कारण वाढत्या गावात लबाडही आधी पोचतात. 2010 साली पेण अर्बन बँक कोसळली तेव्हा पेन्शनरांची, पापड लाटणाऱ्या बायांची आयुष्यभराची पुंजी अडकली. जिथे झपाट्याने पैसा येतो तिथे जादा व्याज आणि जादा आश्वासनं दोन्ही येतात. अटल सेतू झाल्यापासून दलालांच्या तोंडी ‘तिसरी मुंबई’ सतत असते. उरण, पनवेल, पेण मिळून 124 गावांचं नवं शहर 2024 मध्ये कागदावर आलं आहे, हे खरं. पण कागदावरच्या शहरासाठी आज पैसे मोजू नकोस. महारेराची नोंदणी, जमिनीचे बिनशेतीचे कागद, भोगवटा प्रमाणपत्र, तिन्ही स्वतः बघ, आणि सातबारा जुन्या फेरफारासकट वाच. लाज वाटत असेल तर मला घेऊन जा, मला वाटत नाही.

घर बघायला जुलैत ये. उन्हाळ्यात सगळ्या इमारती कोरड्या आणि सगळे बिल्डर गोड असतात. 1989 च्या जुलैत अंबा नदीने नागोठणे आणि जांभुळपाड्याची काय दशा केली ते आम्ही विसरलेलो नाही. पेणच्या भोगावती नदीचं पाणी कुठवर चढतं, भराव टाकलेली जमीन कोणती, खाडीच्या भरतीला गटार उलटं वाहतं का, हे जाहिरातीत छापलेलं नसतं, पण तिथल्या किराणावाल्याला तोंडपाठ असतं. त्याच्याकडून दोन किलो पोहे घे आणि मग विचार.

धूळ, अर्धवट गटारं, वडखळचा जॅम, 2011 पासून पुरं व्हायचं नाव न घेणारं महामार्गाचं काम, हे सगळं आहेच. लोकल पनवेललाच थांबते. पुढे दिवा-रोहा मेमू आणि तिच्या वेळा. आठवड्यातले किती दिवस तुला ठाण्याच्या ऑफिसात जावं लागणार ते साहेबाकडून लेखी घे. रोज जावं लागणार असेल तर हे पत्र फाडून टाक.

नसेल, तर आधी अकरा महिने भाड्याने राहा. एक पावसाळा, एक गणपती आणि एक मे महिना काढा, मग काय ते ठरवा. आणि हे पत्र सूनबाईला पूर्ण वाचायला दे, दादाला नंतर. दवाखाना तिला काढायचा आहे, तेव्हा पहिली हो-नाही तिची.

तुझी,
रोह्याची आत्या