पाण्यातला मुका रोगी

माणूस आजारी पडला म्हणजे कण्हतो, कुठे दुखते ते सांगतो. गाय चारा सोडते, तेव्हा गुराखी तिच्या पाठीवर हात ठेवून ताप आहे की नाही ते पाहतो. परंतु काचेच्या पेटीतील मासा कण्हत नाही, आणि त्याला हात लावून पाहण्याचीही सोय नाही. मग त्याचे दुखणे ओळखावे तरी कसे? मुलांनो, मासा अगदीच मुका आहे असे मात्र नव्हे. तो आपल्या हालचालींनी, रंगाने आणि परांच्या ठेवणीने बोलत असतो. ती भाषा ज्याला वाचता येते, तोच त्याचा खरा वैद्य होय.

मासे पाळण्याची हौस फार जुनी आहे. सोनेरी माशाची, म्हणजे गोल्डफिशची, जोपासना चीन देशात हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. आपल्याही भागात माशांचा अभ्यास नवा नाही. देगलूरजवळच्या होट्टल येथील सुंदर मंदिरे चालुक्यांच्या काळातील आहेत. त्याच कल्याणीच्या चालुक्य कुळातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. माशांच्या जाती व त्यांना घालावयाचे खाद्य यांचे वर्णन त्या ग्रंथात आहे. पुढे १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि सामान्य लोकांनाही काचेआडचे जलचर पाहावयास मिळाले. आज लहान गावांतील घरांत व शाळांतही अशा पेट्या दिसतात.

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव हे तालुक्याचे गाव आहे. समजा, तेथील एखाद्या शाळेत जून महिन्यात एक नवी काचपेटी आली. मुलांनी ती हौसेने भरली आणि तीत आठ गोल्डफिश सोडले. प्रत्येक मुलगा येता-जाता चिमूटभर खाद्य टाकू लागला. सहाव्या दिवशी सकाळी पाहतात तो काय! एक मासा मरून पडलेला, आणि उरलेले सातही पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत आहेत. मुले घाबरली.

“गुरुजी, पाण्यात हळद टाकू या का?” एकाने विचारले.

“आमच्या घरी तापाच्या गोळ्या आहेत, त्या आणू का?” दुसरा म्हणाला.

गुरुजी म्हणाले, “थांबा. औषध ही शेवटची पायरी आहे. आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्या. मासे एकदम आजारी पडले, की एकामागून एक? दुखणे सगळ्यांना आहे, की एकालाच? आणि गेल्या काही दिवसांत पेटीत नवे काय घडले?”

या तीन प्रश्नांतच निदानाचे मर्म आहे. सगळे मासे एकाच वेळी धापा टाकू लागले, तर दोष बहुधा पाण्यात असतो. एका माशाला झालेले दुखणे दोन-चार दिवसांनी दुसऱ्याला, मग तिसऱ्याला झाले, तर तो संसर्ग समजावा. एकच मासा आजारी असून बाकीचे धडधाकट असतील, तर कारण त्या माशाच्याच शरीरात, खाण्यात किंवा त्याला झालेल्या जखमेत शोधावे.

शाळेतील मासे एकदम आजारी पडले होते, आणि पेटी होती नवी. तेव्हा दोष पाण्याचा! पण स्वच्छ दिसणारे पाणी विषारी कसे झाले? मासा आपल्या शरीरातील मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न कुजले म्हणजेही अमोनियाच तयार होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही. ते कल्ल्यांना भाजून काढते. नदीत किंवा जुन्या पेटीत मात्र काही उपकारक जंतू वाळूवर आणि दगडांवर वस्ती करून असतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते. या जंतूंचे कार्य विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. नव्या पेटीत ही वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. मुलांनी मात्र पहिल्याच दिवशी आठ मासे सोडले आणि अन्नाचा मारा केला. सफाई करणारे जमण्यापूर्वीच घाण साचली.

त्यात आपल्या भागातील उन्हाळ्याची भर पडते. पाणी जितके गरम व क्षारयुक्त, तितका अमोनिया अधिक मारक होतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅमच. म्हणूनच मासे वर येऊन धापा टाकत होते.

यावर उपाय कोणता? हळद नव्हे आणि गोळीही नव्हे. पेटीतील चौथा हिस्सा पाणी रोज काढून तितकेच ताजे पाणी घालावे, हवेचा पंप सतत चालू ठेवावा, दोन दिवस अन्न देऊ नये आणि माशांची संख्या कमी करावी. घालावयाचे पाणी पेटीतील पाण्याइतकेच उबदार असावे. नळाचे पाणी सरळ ओतू नये. कारण त्यात जंतुनाशक क्लोरीन असतो, आणि तो कल्ल्यांना व उपकारक जंतूंनाही मारतो. उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन बहुतांशी उडून जातो. मात्र पेटी धुऊन काढून सगळेच पाणी एकदम बदलणे चुकीचे. तसे केल्यास नुकती बसू लागलेली जंतूंची वस्तीच उधळली जाते.

आता दुसरा प्रसंग पाहू. डिसेंबर महिना आहे. दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. शाळेच्या पेटीत कोणी बाजारातून एक नवा मासा आणून सोडला. आठवडाभरात त्याच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. तो दगडांवर अंग घासू लागला. मग दुसऱ्या माशावर ठिपके आले, नंतर तिसऱ्यावर. येथे दुखणे एकाकडून दुसऱ्याकडे गेले. हा ठिपक्यांचा रोग इक्थिऑफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो.

या शत्रूची राहणी मोठी धूर्त आहे. तो माशाच्या त्वचेखाली शिरून पोसतो. पांढरा ठिपका म्हणजे त्याचे घरच. पोसून झाल्यावर तो गळून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि त्याच्या आत विभागत विभागत शेकडो पिल्ले निर्माण करतो. ही पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. सुमारे दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात. त्वचेखालील शत्रूला किंवा कवचातील शत्रूला औषध पोहोचत नाही. ते पोहोचते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच ठिपके नाहीसे झाले की उपचार थांबविणारा फसतो. शत्रू गेलेला नसतो. तो तळाशी दडलेला असतो.

गोल्डफिशसाठी येथे साधे मीठ उपयोगी पडते. परंतु ते किती घालावयाचे? पेटीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर व पाण्याची उंची ३० सेंटिमीटर असेल, तर ६० × ३० × ३० = ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर पाणी झाले. दर लिटरला २ ग्रॅम याप्रमाणे १०८ ग्रॅम मीठ लागेल. ते एकदम न घालता ३६ ग्रॅमचे तीन भाग करावेत आणि पाण्यात विरघळवून दीड दिवसात थोडेथोडे घालावेत. पुढे चौथा हिस्सा, म्हणजे साडेतेरा लिटर पाणी बदलले, तर फक्त २७ ग्रॅम मीठ नव्याने घालावे; कारण पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. हा उपचार दोन आठवडे चालवावा. पाणी हळूहळू थोडे उबदार केल्यास परजीवीचे चक्र लवकर फिरते आणि तो लवकर हाती लागतो. मात्र तेव्हा हवेचा पंप अधिक जपावा. पाणवनस्पती आणि खवले नसलेले मासे यांना मीठ बाधते, हेही विसरू नये.

तिसरा प्रसंग एकाच माशाचा. बाकीचे आनंदात आहेत, पण एक गोल्डफिश उलटा होऊन तरंगतो. पुष्कळदा याचे कारण खादाडपणाच असते. त्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवावे व नंतर भिजविलेले अन्न अगदी थोडे द्यावे. एखाद्याचे पर कडेने झिजत असतील, तर जंतू कल्ल्याजवळच्या घाणीतून नव्हे, बहुधा घाणेरड्या पाण्यातून बळावले असे समजून प्रथम पाणी सुधारावे. जखमेवर कापसासारखा पुंजका आला, तर ती बुरशी असू शकते. अशा वेळी जाणत्याचा सल्ला घ्यावा. जंतुनाशक औषधे मनाने कधीही वापरू नयेत. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला सरावतात.

हे ज्ञान केवळ हौसेचे नाही. १९८८ साली ईशान्य भारतातील तळ्यांत माशांच्या अंगावर व्रण पडण्याची साथ आली आणि ती पुढे देशाच्या अनेक भागांत पसरली. मच्छीमारांच्या तोंडचा घास गेला. भुवनेश्वरजवळील गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेने त्या रोगावर ‘सिफॅक्स’ हे औषध तयार केले. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तेथे या विषयाचे शिक्षण मिळते.

म्हणून दोन नियम मनात कोरून ठेवावेत. नवा मासा आणला की त्याला दोन ते चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावे, मगच इतरांत सोडावे. आणि आजारी किंवा नकोसा मासा नदीत, विहिरीत वा तळ्यात कधीही सोडू नये. पेटीतला रोग त्याच्याबरोबर तळ्यात जातो, आणि तळ्यातील माशांना पाणी बदलून देणारे कोणी नसते.

रोज सकाळी पेटीपुढे दोन मिनिटे शांत उभे राहा. मासे मोजा. त्यांचे श्वास, पर आणि रंग पाहा, व वहीत टिपून ठेवा. ज्याला निरोगी मासा नीट ठाऊक आहे, त्यालाच आजारी मासा पहिल्या दिवशी ओळखता येतो. आणि पहिल्या दिवशी ओळखलेला रोग बहुधा बरा होतो.

स्वाध्याय

१. गुरुजींनी विचारलेले तीन प्रश्न कोणते? प्रत्येकाच्या उत्तरावरून काय अनुमान निघते?
२. नव्या काचपेटीत एकदम पुष्कळ मासे का सोडू नयेत?
३. ठिपके नाहीसे झाल्यावरही उपचार का चालू ठेवावा लागतो?
४. ५० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर पाण्याची उंची असलेल्या पेटीत दर लिटरला २ ग्रॅम याप्रमाणे किती मीठ लागेल?
५. तुमच्या परिसरातील एखाद्या मुक्या प्राण्याचे आठवडाभर निरीक्षण करा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.