भाड्याच्या घरातील बाग
शास्त्रभाग : यिर्मया २९:१-१४, २४-२८, ३२:६-१५

बाबेलास नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून जे पत्र पाठवले त्यात घरे बांधण्याची आज्ञा आहे, मुलाबाळांची लग्ने करण्याची आहे, आणि या दोहोंच्या मध्ये बागा लावून त्यांचे फळ खाण्याची आहे. शब्बाथशाळेत हा अध्याय शिकवताना आपण बहुधा सत्तर वर्षांच्या अभिवचनाकडे धाव घेतो आणि बाग मागे राहते. या महिन्याच्या पाठात आम्ही बागेपाशीच थांबणार आहोत. कारण हे मासिक ज्या मंडळ्यांत वाचले जाते त्यांतील पुष्कळ महाराष्ट्राबाहेर आहेत. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे येथे आपली कुटुंबे दोन दोन, तीन तीन पिढ्या राहिली, तरी बोलण्यात "आपल्याकडे" म्हणजे अजून नगर, मिरज नाही तर जालना. "इथं काय, भाड्याचं घर, जमीन ना आपली, गाव ना आपलं." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे, आणि बहुतेकांनी उच्चारलेही आहे.

पत्र कोणाला लिहिले?

इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने राजा यखन्या, राजमाता, सरदार, कारागीर व लोहार यांना धरून नेले (२९:२). देशात मागे ठेवले ते अगदी गरीब लोक (२ राजे २४:१४). म्हणजे ज्यांना नांगर-कुदळीची सवय ते पुष्कळसे मागेच राहिले, आणि बाग लावण्याची आज्ञा गेली ती दरबारी माणसांना आणि ऐरणीवर काम करणाऱ्यांना! बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या आहेत; त्यांत यखन्या व त्याचे पुत्र यांना राजकोठारातून तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे आणि एका पाटीचा काळ इ. स. पू. ५९२ हा आहे. शिधा मिळत होता. तरी देवाने या लोकांना 'शिध्यावर दिवस काढा' असे सांगितले नाही.

बागेसाठी मूळ इब्री शब्द 'गन' असा आहे. कुंपण घालणे, राखणे या अर्थाच्या धातूपासून तो आला. गन म्हणजे राखलेली जागा. तिला एकरांची अट नाही. अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला तो भाजीपाल्यासाठी, आणि तिथेही शब्द हाच आहे (१ राजे २१:२). राजवाडा असून शेजाऱ्याच्या वाफ्यावर डोळा, आणि त्यापायी एका निरपराध्याचा जीव गेला. गच्चीच्या कठड्याशी ठेवलेल्या चार कुंड्या आणि फळांचे एक जुने खोके यांना 'गन' म्हणायला व्याकरणाची काही हरकत नाही.

मेथी आणि कढीलिंब

आता या पत्राच्या मागची भांडणे पाहू. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने लोकांना सांगितले होते की दोन वर्षांत सर्व काही परत येईल (२८:३). दोन वर्षांसाठी कोण बाग लावतो? यिर्मयाचे पत्र पोचल्यावर शमाया नेहेलामी याने बाबेलाहून उलट तक्रार पाठवली. तिच्यात त्याला बोचलेली गोष्ट नेमकी हीच होती, की हा मनुष्य आम्हांला पुष्कळ दिवस लागतील म्हणतो, घरे बांधा व बागा लावा म्हणतो (२९:२८). सत्तर वर्षांच्या आकड्याइतकीच त्याला बाग खुपली. आकडा कानाने ऐकून सोडून देता येतो. बाग लावायची तर गुडघे टेकून मातीत हात घालावा लागतो, म्हणजे आपण येथे राहणार हे कबूल करावे लागते.

मनुष्य काय लावतो त्यावरून तो किती दिवस राहणार असे धरून चालला आहे, ते कळते. मेथी पंचवीस-तीस दिवसांत खुडता येते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. टोमॅटोचे रोप लावल्यापासून पहिले फळ पिकायला दोन-अडीच महिने. कढीलिंब दोन-तीन वर्षांनी भरपूर पाने देऊ लागतो, आणि लिंबाला फळ धरण्यास त्याहून अधिक काळ लागतो. भाड्याच्या घरात आपण मेथी पेरतो, कढीलिंब लावत नाही. त्यात शहाणपण नाही असे नाही. पण मंडळीतील आपले वागणेही तसेच होत असेल तर? समितीवर नाव नको, शेजाऱ्यांची भाषा नको, शब्बाथशाळेचा वर्ग नको, कारण "आमचं काही नक्की नाही." असे 'काही नक्की नाही' म्हणत चाळीस वर्षे एकाच गावात काढलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले शाळेत कानडी, हिंदी, गुजराती शिकली, घरी मराठी बोलली, आणि मोठी झाल्यावर त्यांना दोन्हीकडे पाहुण्यासारखे वाटू लागले. हनन्याचा संदेश आजही मोठा गोड वाटतो, तो असा.

याच्या उलट उदाहरण मराठी ख्रिस्ती लोकांना जवळचे आहे. डॉ. विल्यम कॅरी १७९३ साली बंगालात आले ते पुन्हा इंग्लंडला गेले नाहीत. १८३४ मध्ये श्रीरामपुरातच वारले (हे बंगालातील श्रीरामपूर, नगर जिल्ह्यातले नव्हे). त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला, हे आपण जाणतो. त्यांची बाग थोड्यांना ठाऊक असते. १८२० साली कलकत्त्यात शेती व बागाइतीसाठी त्यांनी एक संस्था काढली. १८२३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने त्यांची बाग उद्ध्वस्त केली, तेव्हा त्यांचे वय बासष्ट होते. त्यांनी ती पुन्हा लावली.

मातीचे काही

पाठ केवळ तोंडी राहू नये म्हणून थोडे प्रत्यक्ष लिहितो. अंगण असेल तर गादीवाफा करावा. रुंदी तीन ते चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही, उंची सहा ते आठ इंच, लांबी जागेप्रमाणे. गोव्यात व कोकणपट्टीत पावसाळ्यात सपाट जमिनीवर भाजी लावणे म्हणजे मुळे कुजवणेच होय. तेथे गादीवाफ्यावाचून गत्यंतर नाही. तांबड्या जांभ्या मातीतून पाणी लवकर निघून जाते व त्याबरोबर कसही जातो, म्हणून तेथे कुजलेले खत सढळ हाताने घालावे. इंदुराकडची काळी माती जमिनीत उत्तम, कुंडीत मात्र हट्टी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मूळ कोरडेच. तिच्यात वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळलाच पाहिजे. साधारण प्रमाण दोन घमेली माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, एक घमेले वाळू किंवा भुसा. शेण ताजे असेल तर त्याच्या उष्णतेने मुळे करपतात आणि हुमणीही घरात येते.

टोमॅटो, वांगी, मिरची यांना बारा इंची कुंडी हवी. मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा इंच खोल खोके पुरते. बुडाला भोक, त्यावर खापरीचा तुकडा. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन फाके करावेत. माव्यासाठी एक लिटर पाण्यात एक लहान चमचा कडुलिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

गच्चीवर वाफा करणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल वाफ्यात दोनशे लिटर माती बसते. नुसती माती असेल तर ओली झाल्यावर ती तीनशे किलोच्या वर भरते. म्हणून कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या वर, कडेने ठेवाव्यात, आणि घरमालकाला आधी विचारावे. न विचारता बाग लावून त्याची गच्ची गळवणे हे शेजारधर्मात बसत नाही!

नगराचे हित

पत्रातील बागेच्या आज्ञेनंतर थोड्याच ओळींनी सातवे वचन येते : ज्या नगरात तुम्हांला नेले त्याचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! ही दोन वचने आम्ही वेगळी समजत नाही. कुंडीतले रोप जमिनीतल्या रोपासारखे पाण्याच्या शोधात मुळे लांब पाठवू शकत नाही. त्याला रोज कोणीतरी पाणी घालावे लागते, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दोन वेळा. आपण तर मे महिन्यातच "आपल्याकडे" जातो. मग किल्ली कोणाकडे ठेवणार? शेजारणीकडे. तिचे नाव, तिची भाषा, तिच्या मुलाची परीक्षा कधी आहे, हे कळल्याशिवाय किल्ली देता येत नाही. परत आल्यावर तिच्या घरी वांगी गेली पाहिजेत हेही ओघानेच आले.

दुसरे असे की, त्या गावात जे पिकते व खाल्ले जाते तेही लावावे. हैदराबादेत गोंगुरा म्हणतात ती आपली अंबाडीच. माळव्यातील बथुआ म्हणजे आपला चाकवत. गोव्यात तांबड्या भाजीवाचून स्वयंपाकघर चालत नाही. बडोद्याचे पात्रे आणि आपली अळुवडी एकाच पानाची. अशी नावे शिकताना पुष्कळदा असे आढळते की परकी वाटलेली वस्तू आपल्या आजीच्या परड्यात होती.

आता बत्तिसावा अध्याय पाहा. यरुशलेमेला वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि तो हानामेलाकडून अनाथोथाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो. खरेदीखत बारूखाच्या हाती देऊन ते मातीच्या पात्रात ठेवायला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. बाबेलातल्यांना तेथे बाग लावा म्हणणारा हाच मनुष्य स्वदेशातील शेताचा कागद जपून ठेवतो. परत जाण्याची आशा आणि येथे रुजण्याची आज्ञा यांचा झगडा त्याच्या ठायी दिसत नाही. मुलांना हे सांगताना शिक्षकांनी "गाव विसरा" असा अर्थ निघू देऊ नये. मराठी वाचणे, आजोळी जाणे हे चालूच राहावे.

वर्गासाठी

तीन पसरट भांडी व एक कुंडी घ्या. पहिल्यात मेथी, दुसऱ्यात कोथिंबीर, तिसऱ्यात मिरची, कुंडीत कढीलिंब. पेरण्यापूर्वी प्रत्येक मुलाला विचारा : यातले कोणते तू स्वतः खाशील असे तुला वाटते? ज्याच्या वडिलांची बदली व्हायची आहे त्या मुलाचे उत्तर नीट ऐका. त्याला घाईने धीर देऊ नका. मेथी महिन्याभरात तयार होईल. ती उपकारस्तुतीच्या लिलावात ठेवावी किंवा देवळाशेजारच्या घरी द्यावी, हे वर्गानेच ठरवावे. मोठ्यांच्या वर्गात शमायाची तक्रार वाचून विचारावे की, आपल्या मंडळीत असे पत्र आज आले तर त्यावर कोण सही करील.

कढीलिंबाचे बी जुने चालत नाही. पावसाळ्यात झाडावर काळी झालेली फळे आणून, गर धुऊन, चार-सहा दिवसांच्या आत पेरावे. ते न मिळाल्यास जुन्या झाडाच्या मुळांतून फुटवे वर येतात. त्यांतला एक थोड्या मुळासकट उकरून कुंडीत लावावा, आणि कुंडी लहान पडू लागली की देवळाच्या आवारात, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून लावावा.