तोफखान्याला हाक कोणत्या गाडीने मारायची?



सुट्टीत मुलांबरोबर दुसऱ्या महायुद्धातला युद्धखेळ मांडला. चौकोन आखलेला कागद म्हणजे नकाशा आणि काड्यापेट्या म्हणजे रणगाडे. पाचच मिनिटांत गडबड! प्रत्येकाचा प्रत्येक रणगाडा तोफखाना बोलवू लागला आणि पुढे कोणी सरकेचना.

मग मुलांना विचारलं, मागे असलेल्या तोफेला शत्रू दिसतो का? ब्रिटिशांची २५ पौंडी तोफ सुमारे १२ किलोमीटर मारा करायची. तोफेजवळच्या माणसांना समोर फार तर टेकडी दिसणार. म्हणून तोफखान्याचाच एक अधिकारी पुढच्या फळीत असायचा. तो जागा वायरलेसवर कळवायचा, गोळा कुठे पडला ते बघून पुढच्या माऱ्यात दुरुस्ती सांगायचा.

हा अधिकारी बसायचा कशात? पायदळाबरोबर असला तर बहुधा 'कॅरिअर' नावाच्या छोट्या पट्ट्यांच्या गाडीत, रणगाडा दलाबरोबर असला तर रणगाड्यात. काही शर्मन रणगाड्यांतली खरी तोफ काढून आत जादा वायरलेस संच बसवले होते आणि बाहेर नकली नळी लावली होती, शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून. हे ऐकून मुलं जाम खूश झाली.

"पण सर, टेहळणीच्या गाडीलाही दिसतं की! वायरलेसही असतो." प्रश्न बरोबर आहे. पण तिचा वायरलेस तिच्या स्वतःच्या तुकडीशी जोडलेला. तिचा निरोप फिरून तोफांपर्यंत जाणार, म्हणजे उशीर. आणि १९४१ मध्ये बऱ्याच सोव्हिएत रणगाड्यांत तर वायरलेसच नव्हता, तो असायचा प्रमुखाच्या रणगाड्यात.

शेवटी असा नियम ठरवला: प्रत्येक बाजूला निरीक्षकाची एकच गाडी, खूण पेटीच्या खालच्या बाजूला. तिला दिसणाऱ्या चौकोनावरच मारा मागायचा, गोळे पुढच्या फेरीत पडणार, नेम किती चुकला ते फासा सांगणार. टेहळणी गाडीने मागितलं तर आणखी एक फेरी थांबायचं. निरीक्षक गेला की तोफा गप्प. पंच मात्र मोठ्या माणसाने व्हावं. १८२४ च्या राइसविट्झच्या प्रशियन युद्धखेळातही फासे आणि पंच दोन्ही होतेच.

दुसऱ्या डावात एकाने निरीक्षकाची गाडी जपायची म्हणून टेकडीमागे लपवून ठेवली. तीन फेऱ्या गेल्या, तिला काही दिसेना. चौथ्या फेरीला त्याने स्वतःच ती माथ्यावर नेली.