मिठात तेल विरघळत नाही

“विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे,” असं त्या बाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा सासूबाईंचे पाय घोट्यापर्यंत लालभडक झाले होते आणि त्यांना जमिनीवर पाऊल टेकवत नव्हतं.

नेपियर टाऊन भागात त्या बाईंचा आंघोळीचं मीठ करायला शिकवणारा वर्ग होता, त्याची फी भरून आम्ही बसलो होतो. एपसम मीठ, सैंधव, सुगंधी तेलाच्या बाटल्या, सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं होतं. त्यांनी सांगितलेलं प्रमाण मी वहीत उतरवलं आणि घरी तसंच केलं: दोन वाट्या मीठ, अर्धी वाटी खाण्याचा सोडा, वर दालचिनीच्या तेलाचे पंधरा थेंब. वही आजही माझ्याकडे आहे. त्यामुळे “तुम्ही जास्त घातलं असणार” हे मी ऐकून घेणार नाही. वर्गातच मी विचारलं होतं की सासूबाईंना मधुमेह आहे, चालेल ना? “नैसर्गिक आहे, सगळ्यांना चालतं,” हे उत्तर शेजारच्या दोघींनीही ऐकलंय.

बाथटब आमच्याकडे नाही. जानेवारीत थंडी कडाक्याची, म्हणून कोमट पाण्याचं घमेलं आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खुर्चीपुढे ठेवलं आणि त्यात ते मीठ घातलं. थोड्या वेळाने पाणी बदलायला वाकले तर पाण्यावर पिवळट चकत्या तरंगत होत्या. मीठ केव्हाच विरघळलं होतं आणि तेल सगळं वर आलं होतं. आईंनी पाय जरा हलवला की एखादी चकती घोट्याला चिकटायची आणि तिथेच राहायची. मीठ तेलाला पातळ करत नाही, नुसतं धरून ठेवतं, आणि पाण्यात गेलं की सोडून देतं, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणजे निर्भेळ तेल थेट कातडीवर. दालचिनीच्या तेलातला मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड, आणि तो कातडीला पोळतो. मधुमेहाने आईंच्या तळव्यांची जाणीव कमी झालेली, म्हणून त्यांना चटका वेळेवर जाणवलाही नाही.

मी फोटो पाठवले. आधी ‘विष बाहेर पडतंय’, मग ‘तुमची त्वचाच नाजूक’, आणि संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून मी बाहेर. बाकीच्या बायकांना सावध करायचीही सोय ठेवली नाही, याचा राग अजून गेलेला नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: शरीरातले नको असलेले पदार्थ काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, घमेल्यातलं मीठ नव्हे.

ज्यांना घरी असं मीठ करायचंय, त्यांनी एवढं पाळावं.

एक, सुगंधी तेल आधी खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळा. मोठ्या चमचाभर तेलाला लव्हेंडरचे चार-पाच थेंब पुरतात. तरीही ते पाण्यावर तरंगणारच, आणि फरशी निसरडी होणार. वयस्कर माणसाला हात दिल्याशिवाय उठू देऊ नका. दालचिनी आणि लवंगेचं तेल मात्र या कामाला वापरूच नका.

दोन, तेलाने कातडी चुरचुरली तर नुसतं पाणी ओतू नका, पाण्याने तेल निघत नाही. साध्या खाद्यतेलाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. त्या दिवशी हे सांगणारं कुणी नव्हतं.

तीन, एपसम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तेच खताच्या दुकानात पिकांसाठीही मिळतं, ते आंघोळीला नको. औषधाच्या दुकानातून पाकिटावर ‘आय.पी.’ लिहिलेलं घ्या. सोडाही खाण्याचाच, धुण्याचा नाही. धुण्याचा सोडा बराच जास्त क्षारीय असतो.

चार, मधुमेह, पायाला जखम किंवा भेगा असतील तर पाय भिजत घालूच नका. आता आईंचे पाय मी कोमट पाण्याने धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसते, बस्स.

पाच, मिठाची बरणी कोरडी ठेवा. सोड्याबरोबर कुणी सायट्रिक ॲसिडही घातलं, तर ते मिश्रण पावसाळ्यात दमट हवा लागली की बरणीतच फसफसतं, झाकण उडू शकतं. पाणी कोमटच असावं, आणि पाय पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं, हे काही वेगळं सांगायला नको.

कोमट पाण्याने पायांना बरं वाटतं, हे खरंच आहे. मॅग्नेशियम कातडीतून शरीरात मुरतं, याला मात्र भक्कम पुरावा नाही. म्हणून त्यासाठी कुणी मोठी किंमत सांगितली तर देऊ नका.

आणि फी भरण्याआधी शिकवणाऱ्याकडून लेखी घ्या: कोणतं तेल, किती थेंब, कुणी वापरू नये. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडून बाटली घेऊ नका. माझे पैसे अजून परत आलेले नाहीत, आणि मी मागणं सोडलेलं नाही.