पावसाळ्यात चेंडू पुसता येतो का?

प्रश्न : येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पावसाळ्यात चेंडू उचलून पुसता येतो, असं सोबती म्हणतात. मी रफमधला चिखलाळ चेंडू पुसून जागच्या जागी ठेवला, तर एक फटका दंड लागला. हे योग्य का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : योग्य आहे. ‘चेंडू उचला, पुसा, ठेवा’ ही सवलत मूळ नियमांत नाही. क्लबची समिती ती स्थानिक नियम म्हणून लागू करते, आणि तीही बहुधा फेअरवेइतकं बारीक गवत कापलेल्या भागापुरती. रफ त्यात येत नाही. तुम्ही चेंडू दुसरीकडे ठेवून खेळला असता, तर स्ट्रोक प्लेमध्ये दंड दोन फटक्यांचा झाला असता.

मात्र चेंडू स्वतःच्याच आघाताने जमिनीत रुतला असेल, तर 2019 पासून रफमध्येही विनादंड सुटका मिळते. चेंडू पुसून गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. नुसता चिखल माखलेला चेंडू म्हणजे रुतलेला चेंडू नव्हे, इथेच बहुतेकांची गल्लत होते. साचलेल्या पाण्यातूनही अशीच सुटका आहे.

समिती ‘उचला, पुसा, ठेवा’ ही सवलत मैदान सुकलं की मागे घेऊ शकते. म्हणून पहिल्या टीवर जाण्याआधी सूचना फलक जरूर वाचा.