चार दिवसांचे बिऱ्हाड

कोल्हापूर हे यात्रेकरूंचे गाव आहे. श्रीअंबाबाईच्या दर्शनासाठी मुंबई-पुण्याकडून, कर्नाटकातून, थेट आंध्र प्रदेशातूनही बाराही महिने माणसे येतात. शारदीय नवरात्रात देवळाच्या चारी दरवाजांबाहेरचे रस्ते माणसांनी फुलून जातात. चैत्रात जोतिबाची यात्रा भरते, तेव्हाही वाडी रत्नागिरीचा डोंगर उतरून पुष्कळ मंडळी देवीच्या पायाशी येतात. इतक्या माणसांना उतरायला जागा कोठून मिळत असेल? आज शहरात यात्री-निवास आहेत, लहानमोठे लॉज आहेत. पूर्वी मात्र देवळाभोवतीच्या पेठांतील घरांनीच हा भार पुष्कळसा उचलला होता. माडीवरची एखादी खोली झाडून-पुसून ठेवायची, तीत सतरंजी, पाण्याची कळशी आणि स्टोव्ह ठेवायचा, व आलेल्या कुटुंबास ती दोन-तीन दिवस द्यायची, असा अनेक घरांचा रिवाज होता.

आमचे घरही त्यांतलेच. माझे वडील एका दुकानात हिशेब लिहीत. त्यांच्या पगारात चार मुलांचे शिक्षण होणे कठीण होते. म्हणून माझ्या आईने माडीवरची खोली यात्रेकरूंना देण्यास आरंभ केला. पहाटे उठून ती तांब्याचा बंब पेटवी आणि पाहुण्यांच्या स्नानाची सोय करी. त्या खोलीच्या भाड्यातून माझ्या शाळेची फी गेली आहे, हे मी आजवर विसरलेलो नाही. आईपाशी एक वही असे. तीत ती पाहुण्यांचे गाव, माणसे किती, मुले किती, एवढेच नव्हे तर त्यांनी काय काय विचारले तेही टिपून ठेवी. मी एकदा तिला म्हटले, “आई, प्रश्न कशाला लिहितेस?” ती म्हणाली, “अरे, माणूस जे विचारतो, तीच त्याची अडचण असते.”

त्या पाहुण्यांत मुंबईची माणसे बरीच असत. निरोप घेताना प्रत्येक जण म्हणे, “वहिनी, एकदा तुम्ही मुंबईला या. समुद्र दाखवतो तुम्हांला.” आई हसून “येऊ की” म्हणे. परंतु पाहुण्यांच्या घरच्या बाईला सुट्टी कशी मिळावी? ज्या दिवसांत मुलांच्या शाळा बंद, त्याच दिवसांत आमच्या माडीवर गर्दी! अशी पन्नास वर्षे गेली. आई चौऱ्याऐंशी वर्षांची झाली, गुडघे दुखू लागले, आणि एके दिवशी ती सहज बोलून गेली, “सगळ्यांची बिऱ्हाडे झाली आपल्याकडे, मुंबई तेवढी राहिली.”

ते वाक्य माझ्या मनाला लागले. मी तेव्हा सेवानिवृत्त झालो होतो. आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि इयत्ता सातवीत शिकणारी नात अशा सहा माणसांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस मुंबईस जावयाचे ठरले. रेल्वेभाडे वगळून पंचवीस हजार रुपये खर्चावयाचे, त्यापुढे एक रुपयाही नाही, अशी मर्यादा मी घालून घेतली.

कोल्हापूरकरांना मुंबईचा प्रवास आता अवघड राहिलेला नाही. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंतचा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यापूर्वीच्या लोकांनी घाटवाटांनी किती हाल सोसले असतील ते तेच जाणोत. आज महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री निजावे आणि सकाळी दादरला उतरावे. तिकिटांचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणून तिकिटे आम्ही प्रथम काढली. खरा प्रश्न होता तो उतरण्याचा. मुंबईत आमचे जवळचे आप्त नव्हते, आणि असते तरी त्यांच्या दोन खोल्यांत सहा माणसांनी जाऊन पडणे मला प्रशस्त वाटले नसते. मोठ्या शहरात पाहुण्याला ताट वाढणे सोपे, परंतु अंथरूण घालणे फार कठीण असते.

लॉजमध्ये उतरावे तर निदान दोन खोल्या घ्याव्या लागणार, आणि तिन्ही वेळचे खाणे बाहेरून. आईला तिखट-तेलकट सोसत नाही; तिला सकाळी मऊ भात लागतो. म्हणजे स्वयंपाकघर असलेली जागाच आम्हांला हवी होती.

एका स्नेह्याने सुचविले, “दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे फार अल्प दरात राहता येईल. कोण विचारतो?” धर्मशाळांची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणच्या तीर्थक्षेत्रांत घाट व धर्मशाळा बांधल्या. गाडगे महाराजांनी तर, स्वतः झाडाखाली झोपून, पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा क्षेत्रांत गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली त्यांचे निधन झाले. तथापि त्यांचे कार्य थांबले नाही. दादरच्या त्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी दूरवरून येणारे रोगी व त्यांचे नातेवाईक आश्रय घेतात. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आपण तिथे उतरलो तर एखाद्या आजाऱ्याला पदपथावर निजावे लागेल ना?” स्नेही निरुत्तर झाले. तो मार्ग तेथेच संपला.

पुढे मुलाने शोध हाती घेतला. आता घरे शोधण्यासाठी पेठ पालथी घालावी लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर घरांची चित्रे बसल्या जागी दिसतात. एके रात्री त्याने उत्साहाने आम्हांस एक चित्र दाखविले. समुद्रासमोरचे घर, दोन प्रशस्त खोल्या, पांढरेशुभ्र स्वयंपाकघर, आणि भाडे दिवसाला अवघे अठराशे रुपये! घरमालक म्हणविणारा गृहस्थ फोनवर मोठ्या गोडीने बोलला. “आणखी तीन कुटुंबे विचारीत आहेत, दोन हजार रुपये आत्ताच पाठवा,” असे तो म्हणाला. मुलाने पैसे पाठविले. नंतर माझी नात ते चित्र निरखून पाहत बसली होती. ती एकाएकी म्हणाली, “आजोबा, खिडकीतून डोंगर दिसतोय. आणि त्यावर बर्फ आहे!” खरोखरच, ते चित्र कोणत्या तरी थंड मुलखातील घराचे होते. त्या गृहस्थाचा फोन पुन्हा कधी लागला नाही. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर ताबडतोब नोंदवावयाची असते, हे आम्हांला दोन दिवसांनी कळले. उशीर झाला होता. पैसे परत मिळाले नाहीत. मुलगा फार ओशाळला. मी त्याला काही बोललो नाही, कारण ते चित्र पाहून मीही हुरळून गेलो होतो.

मग आईने आपली जुनी वही मागवून घेतली. चष्मा लावून ती पन्नास वर्षांपूर्वीचे प्रश्न एकेक करून वाचू लागली. पाणी किती वाजता येते? शौचालय खोलीला लागून आहे की सामाईक? पायऱ्या किती? स्वयंपाकाला भांडी मिळतील का, की घेऊन यावी? रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो? म्हातारे माणूस देवळापर्यंत चालत जाऊ शकेल का? “मुंबईवाल्यांनी मला जे विचारले, ते आता आपण मुंबईवाल्यांना विचारू,” ती म्हणाली. नातीने ते प्रश्न एका कागदावर उतरवून घेतले. तिने खाली दोन नवे प्रश्न घातले: लिफ्ट आहे काय, आणि सांगितलेल्या भाड्यावर कर, सफाई किंवा वीज यांचे वेगळे पैसे पडतात काय? शेवटचा प्रश्न तर मोठ्या माणसांनाही सुचत नाही. दोन-तीन ठिकाणी त्या एका प्रश्नाने भाडे चारशे-पाचशेंनी वाढलेले आम्हांला आढळून आले.

शेवटी दोन जागा उरल्या. एक वाशीला, खाडीपलीकडे नव्या मुंबईत. भाडे दिवसाला दोन हजार. दुसरी दादरला, जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या व स्वयंपाकघर. भाडे साडेतीन हजार. माझा कल अर्थातच वाशीकडे होता. चार दिवसांचे सहा हजार रुपये वाचत होते. परंतु नात कागद-पेन्सिल घेऊन बसली. वाशीहून हार्बर मार्गाची लोकल थेट बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते हे खरे. पण सकाळच्या गर्दीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या पणजीला लोकलमध्ये चढविणार कोण? म्हणजे टॅक्सी, आणि माणसे सहा म्हणून दोन टॅक्स्या. जाण्यायेण्याचा जादा खर्च दिवसाला सुमारे दीड हजार. चार दिवसांचे झाले सहा हजार! स्वस्ताईचे सगळे पैसे रस्त्यावरच सांडावयाचे, आणि शिवाय रोजचे तीन तास गाडीत. हे आकडे त्या वेळचे व आमच्यापुरते. तुमच्या कुटुंबाचे निराळे येतील. मात्र मला चाळीस वर्षे गणित तपासूनही हे गणित दिसले नव्हते, हे मी येथे कबूल करतो.

दादर दुसऱ्याही कारणाने सोयीचे होते. आमची गाडी तेथेच थांबते. मध्य व पश्चिम अशा दोन्ही लोहमार्गांच्या लोकल तेथे मिळतात. आणि शिवाजी पार्कमागचा समुद्र तेथून दूर नाही. घरमालकीणबाई एकट्या राहत असत. शासनाच्या न्याहारी-निवास योजनेत घराची नोंदणी केल्याचे त्यांनी सांगितले व नोंदणीचा कागदही पाठविला. मुलाने इमारतीचे नाव नकाशावर पडताळून पाहिले, त्यांच्याशी समोरासमोर दिसेल असा फोन केला आणि खोल्या, नळ, दरवाजा सारे फिरवून दाखविण्यास सांगितले. आईने फोन हाती घेतला. “बाई, पायऱ्या किती?” पलीकडून उत्तर आले, “आजी, तळमजला असला तरी तीन पायऱ्या आहेत, आणि त्यांना कठडा नाही. सकाळी पाणी सहा ते आठ येते. मी भरून ठेवीन.” आई आम्हांकडे वळून म्हणाली, “हेच घर घ्या. जी आपल्या घराची खोड सांगते, ती फसवणार नाही.”

भाड्याचा चौथा हिस्सा आगाऊ पाठवून त्याची पावती घेतली. कोणत्या दिवशी काय बंद असते तेही पाहून ठेवले. घारापुरीची लेणी सोमवारी, तर राणीचा बाग बुधवारी बंद असतो. हे न पाहता गेलेले एक कुटुंब मला ठाऊक आहे. ते बंद फाटकासमोर छायाचित्र काढून परतले.

मुंबईस पोहोचल्यावर आईने काय केले असेल? बॅगा अजून दारातच होत्या, तो ती भिंतीला धरून आत गेली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडून पाहिला. मग शेगडी, मग खिडकीची कडी. घरमालकीण हे कौतुकाने पाहत उभी होती. पन्नास वर्षे परक्यांनी आमच्या माडीवर जे केले, तेच माझी आई आज परक्या घरी करीत होती. घटकाभराने भाताचा वास दरवळू लागला आणि ते घर आमचे झाले.

चार दिवसांत आम्ही पुष्कळ पाहिले. १९२४ साली पुरे झालेले गेटवे ऑफ इंडिया पाहिले. घारापुरीला मुले गेली. तेथे शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, म्हणून आई व मी धक्क्यावरच्या बाकावर बसून होड्या मोजल्या. संग्रहालयात नात इतकी रमली की तिला ओढून आणावे लागले. परंतु हे सर्व तुम्ही पुस्तकांतूनही वाचाल. मला आठवते ती पहिली संध्याकाळ. दादरच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी येत होते. पणतीचा हात धरून आई ओल्या वाळूपर्यंत गेली. पायांवर पाणी आले तसे तिने लुगडे किंचित वर धरले आणि बराच वेळ काही न बोलता उभी राहिली. मग म्हणाली, “रंकाळ्याला पलीकडचा काठ दिसतो रे. याला नाही.”

सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक घरीच झाल्यामुळे खर्च मर्यादेत राहिला. बुडालेले दोन हजार धरूनही पंचवीस हजारांतून काही रुपये उरले. त्यांतून नातीने पुस्तके घेतली.

निघण्याच्या दिवशी आईने भांडी घासून पालथी घातली, ओटा पुसला, आणि सुनेकडून दोन्ही खोल्या झाडून घेतल्या. घरमालकीण म्हणाली, “आजी, हे कशाला? मी बाई लावली आहे.” आईने उत्तर दिले नाही. तिने पिशवीतून वही काढली, पत्ता लिहून घेतला, आणि म्हणाली, “आता तुम्ही कोल्हापूरला या. नवरात्र सोडून या, म्हणजे दर्शन निवांत होईल. आमच्या माडीला अठरा पायऱ्या आहेत. ते आधीच सांगते.”