परिचर्येचे पदवीशिक्षण : अर्थसाहाय्य आणि सेवेच्या संधी

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस, वज्रगडाच्या टेकडीजवळ गिरीज हे गाव वसले आहे. विहिरीच्या पाण्यावर फुलणाऱ्या वाड्या, केळी, भाजीपाला आणि फुले ही या पट्ट्याची जुनी ओळख. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गिरीजचा समावेश शहरी क्षेत्रात झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात आला. वाड्यांचे क्षेत्र आक्रसत असताना येथील कुटुंबांना मुलामुलींच्या शिक्षणाचा आणि कायम स्वरूपाच्या रोजगाराचा विचार अधिक निकडीने करावा लागत आहे. परिचर्या, म्हणजेच नर्सिंग, हा त्या दृष्टीने एक भक्कम मार्ग आहे. बंगली येथील कार्डिनल ग्रेशस स्मृती रुग्णालय जवळच आहे, आणि पश्चिम रेल्वेमुळे मुंबईतील मोठी रुग्णालये व परिचर्या महाविद्यालयेही रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत.

या शिक्षणासाठी पैसा कोठून आणावयाचा आणि पदवीनंतर नोकरी कोठे मिळेल, असे दोन प्रश्न पालकांकडून नेहमी विचारले जातात. दोन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तरे आहेत. मात्र योजना नाही म्हणून जितक्या मुली या शिक्षणास मुकत असतील, त्याहून अधिक मुली योजनेची वेळ टळल्यामुळे मुकण्याचा संभव असतो. बहुतेक घरांत बारावीचा निकाल लागल्यावर विचार सुरू होतो. तोपर्यंत महत्त्वाच्या परीक्षांच्या अर्जांची मुदत उलटून गेलेली असते.

अभ्यासक्रमांची ओळख

परिचर्येचे तीन प्रमुख प्रवेशमार्ग आहेत. सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सामान्य परिचर्या व प्रसाविका, म्हणजे जी.एन.एम., हा तीन वर्षांचा, आणि बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा विद्यापीठीय पदवी अभ्यासक्रम. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारलेल्या नियमांनुसार पदवी अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागलेला आहे.

पदवीसाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. म्हणजेच पहिला निर्णय दहावीनंतर, अकरावीची शाखा निवडतानाच होतो. जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थिनीस पदवीचा थेट मार्ग बंद होतो, परंतु जी.एन.एम. अभ्यासक्रम इतर शाखांनाही खुला असून, तो पूर्ण केल्यावर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळविता येते. शाखा चुकली म्हणजे सर्व संपले, असे समजण्याचे कारण नाही.

राज्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे. पदवी प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. तिचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरावे लागतात.

शुल्काचा भार कसा हलका होतो

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लक्ष रुपयांपर्यंत असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग किंवा इतर मागास वर्ग यांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. यापूर्वी ही सवलत पन्नास टक्के होती. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा २ लक्ष ५० हजार रुपये आहे. गिरीज परिसरात ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने आहे. अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वतंत्र शिष्यवृत्ती असून, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत शैक्षणिक कर्जही दिले जाते.

शुल्क माफ झाले तरी राहण्याचा व जेवणाचा खर्च उरतो. त्यासाठी अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी या संगणकीय प्रणालीवर भरले जातात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. मुलींची शुल्कसवलत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या जागेसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या स्तरावर घेतलेल्या प्रवेशास ती लागू होत नाही. ‘जागा निघून जाईल, आजच पैसे भरा’ अशा घाईने प्रवेश घेणारे कुटुंब एका सहीने चार वर्षांची सवलत गमावून बसते.

विनामूल्य शिक्षणाचा एक मार्ग

सैनिकी परिचर्या सेवेचा मार्ग पुष्कळ पालकांस ठाऊक नसतो. सशस्त्र दलांच्या रुग्णालयांशी जोडलेल्या सहा महाविद्यालयांत मिळून बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा आहेत. त्यांपैकी दोन महाविद्यालये महाराष्ट्रात आहेत : पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईत कुलाबा येथील नौदलाचे अश्विनी रुग्णालय. निवड झालेल्या मुलींचे शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते आणि विद्यावेतनही मिळते. त्या बदल्यात सैनिकी परिचर्या सेवेत काम करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या मुली या सेवेत लेफ्टनंट या पदावर अधिकारी म्हणून रुजू होतात.

या प्रवेशासाठी नीट परीक्षेतील गुण विचारात घेतले जातात. डॉक्टर व्हावयाचे नाही म्हणून नीटचा अर्जच न भरणाऱ्या मुलीस ही संधी आपोआप नाकारली जाते. बारावीच्या वर्गशिक्षकांनी जानेवारी-फेब्रुवारीतच ही माहिती वर्गात देणे अगत्याचे आहे.

कर्ज घेताना

वसईच्या ख्रिस्ती समाजात सहकारी पतपुरवठ्याची परंपरा जुनी आहे. १९१८ साली स्थापन झालेली बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक हे त्याचे ठळक उदाहरण होय. शैक्षणिक कर्ज राष्ट्रीयीकृत व सहकारी बँकांकडून मिळते. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत ४ लक्ष रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण किंवा स्वतःच्या हिश्श्याची रक्कम लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षापर्यंत परतफेडीस सवड असते.

परंतु सवडीच्या काळातही व्याज चालूच असते. समजा, चार वर्षे दरवर्षी प्रारंभी ५० हजार रुपये उचलले आणि दहा टक्के दराने सरळ व्याज धरले. पाच वर्षांअखेर पहिल्या उचलीवर २५ हजार, दुसरीवर २० हजार, तिसरीवर १५ हजार आणि चौथीवर १० हजार रुपये व्याज होईल. घेतलेले २ लक्ष रुपये परतफेड सुरू होण्यापूर्वीच २ लक्ष ७० हजार होतील. म्हणून प्रथम शिष्यवृत्ती, नंतर कर्ज, हा क्रम असावा. आणि शिक्षण चालू असताना निदान व्याज तरी भरता आले तर पुढील ओझे पुष्कळ हलके होते. व्याज अनुदानाच्या योजना उत्पन्नावर तसेच संस्थेच्या दर्जावर अवलंबून असल्याने, प्रवेशापूर्वीच बँकेत चौकशी करणे इष्ट.

पदवीपासून सेवेपर्यंत

केवळ पदवीच्या आधारे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करता येत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावरच ती व्यवसायास पात्र ठरते. ही नोंदणी ठराविक मुदतीने नूतनीकृत करावी लागते. संस्था मान्यताप्राप्त नसेल तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नसेल तर सरकारी सेवाही नाही. चार वर्षे आणि घरची पुंजी खर्च केल्यावर हे समजणे हा कुटुंबावर मोठाच आघात होय. म्हणून परिषदेच्या व विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत महाविद्यालयाचे नाव पाहिल्याखेरीज एक रुपयाही भरू नये.

नोंदणीनंतर सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि महानगरपालिका यांच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून नियुक्ती मिळू शकते. पुढे परिसेविका, सहाय्यक अधिसेविका व अधिसेविका अशी पदोन्नतीची पायरी आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील भरतीसाठी २०२० पासून ‘नॉरसेट’ ही सामाईक परीक्षा घेतली जाते. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना अध्यापनाचे क्षेत्र खुले होते.

ग्रामीण भागासाठी अधिक महत्त्वाचे पद समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे आहे. आयुष्मान भारत कार्यक्रमाखाली २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. ही केंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. परिचर्या पदवीधर या पदासाठी पात्र ठरू शकतात. सपाट प्रदेशात ५ हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. ज्या जिल्ह्यात एका टोकास वसई-विरारसारखे दाट शहर आणि दुसऱ्या टोकास जव्हार-मोखाड्याचे डोंगरी पाडे आहेत, तेथे प्रशिक्षित परिचारिकेची गरज वेगळी सांगावयास नको.

परदेशातही मागणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लक्ष परिचर्या कर्मचारी होते आणि तरीही ५९ लक्षांची उणीव होती. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला असून त्यात परिचारिकांचा समावेश आहे. तेथे व्यवसाय-मान्यतेसाठी जर्मन भाषेचे चांगले ज्ञान आवश्यक असते. म्हणून भाषेचा अभ्यास पदवीच्या काळातच सुरू करणे फायद्याचे. परदेशी नोकरी देणारा मध्यस्थ १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक आहे. नोंदणीकृत मध्यस्थासही उमेदवाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.

कोणी काय करावे

शिक्षकांनी अकरावी प्रवेशाच्या वेळी जीवशास्त्राचे महत्त्व सांगावे आणि बारावीच्या वर्षात परीक्षांच्या अर्जांच्या तारखा फळ्यावर लिहून ठेवाव्यात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी जे लागू असेल ते बारावीच्या पहिल्या सत्रातच मिळविण्यास सांगावे. जात वैधतेस विशेष वेळ लागतो.

महसूल अधिकाऱ्यांनी उन्हाळ्याच्या गर्दीपूर्वी शाळांमध्येच दाखल्यांची शिबिरे घेतली, तर तहसील कार्यालयातील हेलपाटे वाचतील. गिरीजसारख्या महानगरपालिका क्षेत्रातील गावांत हे काम प्रभाग समितीच्या साह्याने करता येईल. जेथे ग्रामपंचायत आहे, तेथे महिला व बालकल्याणासाठी राखावयाच्या दहा टक्के निधीतून नियमांच्या चौकटीत प्रशिक्षण व मार्गदर्शनाचे कार्यक्रम घेता येतील. निदान मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास काहीच खर्च येत नाही.

शासनाने शुल्काची तरतूद केली आहे आणि रुग्णालयांना हातांची गरज आहे. या दोहोंच्या मध्ये एक अर्ज, एक दाखला आणि एक तारीख उभी असते. ती तारीख वेळेवर सांगणारा शिक्षक, सदस्य किंवा अधिकारी गावात असेल, तर वाडीवरच्या घरातील मुलगी रुग्णालयाच्या कक्षापर्यंत निश्चित पोहोचेल.